चेरिंग ते कँटरबरी

गेल्या वर्षी आषाढी ६ जुलैला आली, रविवारी. माऊलींची पालखी पंढरपुरात पोहोचलेली होती, त्या दिवशी मी इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या एका रानात, पांढऱ्या चिखलात फतकल मारून बसले होते. म्हणजे बसले नव्हते, आपटले होते. पण ते पुढे.

माझं बालपण चेरिंग नावाच्या गावात गेलं. बाबा तिथे डॉक्टर होते. १९८१ला आम्ही पुण्याला परतलो, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. एक हमरस्ता, एक चर्च आणि चर्चला लागून आर्चबिशपच्या वाड्याच्या पडक्या भिंती, असं ते गाव. आठवा हेन्री १५२०मध्ये फ्रान्सला जाताना या वाड्यात उतरला होता, हे आम्हाला शाळेत इतक्यांदा सांगितलं होतं की तो आमच्याकडेच चहाला आल्यासारखा वाटायचा. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीच्या कडेने एक वाट जाते. तिचं नाव ‘पिलग्रिम्स वे’, यात्रेकरूंची वाट. आम्हा पोरांना मात्र ती ब्लॅकबेरी खुडण्याची जागा. बोटं जांभळी आणि पिंढऱ्यांवर नेटलचे चट्टे. नेटल लागलं की शेजारीच उगवलेला डॉकचा पाला चोळायचा, हे पाढ्यांच्या आधी शिकलेलं.

तरडगावची आजी १९७६च्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली. इंग्लंड असं तापलेलं कुणाला आठवत नव्हतं. जूनच्या शेवटापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग पंधरा दिवस कुठे ना कुठे ३२ अंशांच्या वर. हिरवळी करपून तपकिरी झालेल्या. आईने तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणून ठेवले होते, ते तिने पिशवीतूनही काढले नाहीत. बागेला नळी लावायची नाही म्हटल्यावर तिने अंघोळीचं पाणी बादलीने गुलाबांना घालायला सुरुवात केली. “बहात्तर साली काय केलं होतं मग?” म्हणाली. शेजारीण कुंपणावरून बघत होती. दोन दिवसांनी तीही बादली घेऊन बाहेर.

त्या वाटेची माती म्हणजे खडू. खरोखरचा. आजीने त्याचे खडे ओच्यात आणले, पाट्यावर वाटले, आणि रोज सकाळी डॉक्टरांच्या दारात गोपद्म, शंख, तुळस! पोस्टमन रांगोळीला वळसा घालून, चवड्यांवर उभा राहून पत्रं टाकायचा.

नारळाची गोष्ट आईची. दर उन्हाळ्यात गावच्या मैदानावर जत्रा भरायची, तिला ‘फेट’ म्हणत. त्यात खांबांवर नारळ मांडलेले, लाकडी चेंडू मारून पाडायचा, पाडला की तुमचा. बाबा कॉलेजच्या संघातले गोलंदाज. एकदा त्यांनी सहा चेंडूंत चार नारळ पाडले आणि सातवा मारायला त्यांना कुणी दिला नाही. आई ओल्या नारळाच्या करंज्यांचे बेत करत घरी निघाली, तर वाटेत एका अंगणात अर्धा फोडलेला नारळ झाडाला टांगलेला. पक्ष्यांसाठी! निळ्या डोक्याची इवलीशी टिट उलटी लटकून खोबरं टोचत होती. आई फाटकाशी किती तरी वेळ उभी. “अगं, वाटीच्या वाटी,” एवढंच म्हणाली.

आषाढीला आजीने बाबांना विचारलं, “ही वाट कुठं जाती रं?”

“कँटरबरीला. तिथं एका संताची समाधी होती, लोक चालत जायचे.”

“आन् तू?”

बाबांनी मोटारीचं नाव काढलं नाही. आजी नऊवारीत, माझ्या हाताला धरून निघाली. वेस्टवेलच्या अलीकडे उन्हाने तिला भोवळ आली म्हणून परतलो. “फुडल्या खेपंला,” म्हणाली. पुढची खेप झाली नाही.

तो संत म्हणजे थॉमस बेकेट. २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या सरदारांनी त्याला त्याच्याच कॅथेड्रलमध्ये मारलं. १२२०मध्ये ७ जुलैला त्याच्या अस्थी वरच्या भव्य समाधीत हलवल्या, तेव्हापासून मोठी यात्रा जुलैत. आपल्या आषाढीच्या आगेमागे! पुढे १५३८मध्ये समाधी फोडली ती त्याच हेन्रीने, आमच्याकडे चहाला येणाऱ्या. जाणकार म्हणतात, विंचेस्टरपासूनची अखंड यात्रावाट ही कल्पना बरीचशी १९व्या शतकातली. असेल. आजीला वाटेच्या नावाची पाटी पुरली होती.

लेक लंडनला असतो. शनिवारी सकाळी मला चेरिंगला सोडून तो गेला, मी एकटीच निघाले. दोन दिवसांत सुमारे ३० किलोमीटर. वेस्टवेल कधी मागे पडलं कळलंही नाही. एवढंसं अंतर होतं ते. बॉटन ॲलफचं चर्च शेतात एकटंच उभं आहे. त्याच्या ओसरीत शेकोटीची जागा आहे. पुढच्या रानात लुटारूंचं भय, म्हणून यात्रेकरू तिथे शेकत बसायचे आणि पुरेसे जमले की मगच निघायचे, असं सांगतात. दिंडीच की. माझ्या दिंडीत मी एकटी. त्याच रानातल्या उतारावर रविवारी सकाळी पाय घसरला. खडूची माती ओली झाली की साबण. उपवासाचे राजगिऱ्याचे लाडू पिशवीत चुरा झाले, ते चिमटीने खात चिलहॅमला पोहोचले.

वारीसारखं वाटेत कुणी हातावर काही ठेवत नाही, याची मात्र चुटपुट लागली. ओल्ड वाइव्ज लीजच्या पुढे सफरचंदांच्या बागा लागतात. एका फाटकाशी चेरींच्या पुड्या आणि शेजारी पत्र्याचा डबा, माणूस नाहीच. पैसे टाकले, पुडी घेतली. लहानपणी आम्ही या डब्यांना मनोमन वचकून असायचो.

हार्बलडाउनच्या टेकडीवरून कॅथेड्रलचा मनोरा दिसला. कळस. हात आपोआप जोडले गेले, कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनी मान वळवली.

एरवी आत जायला तिकीट असतं, प्रार्थनेला नसतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागच्या रांगेत बसले. पांढरे बूट बाकाखाली सरकवले.

बाहेर येऊन बाबांना फोन लावला. पुण्यात रात्र झाली होती, पण ते जागे होते. किती चाललीस, पाय कसे आहेत, काही नाही. “कुणाच्या अंगणात नारळ दिसला का?”

“चार्टम हॅचला एक. नुसती करवंटी उरली होती.”

“थांब,” म्हणाले, “हिला सांग.” आणि फोन आईकडे दिला.