जळगाव ते चिकलठाणा: बॅटरीच्या अर्ध्या तासावर भिस्त ठेवू नका

विमान सेसना १७२एस, काटेवालं जुनं पॅनल. जळगावहून छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत साधारण ६७ सागरी मैल, चढाई धरून चाळीस मिनिटांच्या आसपास. निघताना वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरबद्दल सांगितलं गेलं, "अल्टरनेटर गेला तरी काय, बॅटरी अर्धा तास देते." हे ऐकून निघणारा निर्धास्त असतो, आणि इथेच फसतो.

तो अर्धा तास दुसऱ्याच विमानाचा आहे. जी१००० या डिजिटल पडद्यांच्या पॅनलच्या १७२ मध्ये वेगळी स्टँडबाय बॅटरी असते. ती साधारण तीस मिनिटं फक्त अत्यावश्यक उपकरणं चालवते. तोच आकडा काट्यांच्या विमानाला चिकटवला जातो. इथे बॅटरी एकच, २४ व्होल्टची, नवी असताना सुमारे १३ अँपिअर-तासांची. दोन वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या विमानात त्यातले नऊ उरले तरी नशीब. दोन्ही रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला आपली ओळख देणारं यंत्र), बीकन आणि स्ट्रोब हे लुकलुकणारे दिवे असं सगळं चालू असेल तर भार वीस अँपिअरच्या घरात जातो. कागदावर ही २७ मिनिटं होतात, पण एवढ्या भाराला बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही आणि शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज धाडकन पडतं. पंधरा मिनिटं धरा. तोच भार चार अँपिअरवर आणला तर दीड तासही निघतो. पहिल्या दोन मिनिटांत काय बंद केलंत, यावर पुढचं सगळं ठरतं.

जळगाव ते पहूर सांगण्यासारखं काही नाही. खाली महामार्ग, तो धरून चला. खरी गोम फर्दापूर ते सिल्लोड या पट्ट्यात आहे. इथे अजिंठ्याचा डोंगर चढून जमीन एकदम वर येते, दुपारी विमान चांगलंच आपटतं आणि नजर बाहेर गुंतते. नेमकी तेव्हाच अँमीटरची सुई उणेकडे झुकलेली दिसत नाही. लाल 'व्होल्ट्स' दिवा लागतो तो व्होल्टेज २४.५च्या खाली गेल्यावर, म्हणजे बॅटरी आधीच खर्ची पडू लागलेली असते. त्यात या दिव्याची सवय झालेली असते: टॅक्सी करताना कमी आरपीएमला तो लागतो, थ्रॉटल दिला की विझतो. हवेत २,४०० आरपीएमला लागला तर ती सवय विसरा. पॅनलवरच्या डिजिटल घड्याळाची वरची ओळ बटण दाबून व्होल्टवर आणा आणि पूर्ण प्रवासभर तिथेच ठेवा. २८च्या आसपास असेल तर ठीक. २५ दिसले की अल्टरनेटर कामावर नाही.

दिवा लागला तर क्रम असा. आधी विमान उडवा. इंजिन मॅग्नेटोवर, म्हणजे स्वतःच ठिणगी बनवणाऱ्या यंत्रावर चालतं, त्याला या बिघाडाशी देणंघेणं नाही, म्हणून चावीला हात लावायचा नाही. मग एव्हिऑनिक्स मास्टर (रेडिओ वगैरेंचा मुख्य स्विच) बंद. 'अल्ट फील्ड'चा ब्रेकर आत आहे का पाहा. मास्टर स्विचचे दोन्ही भाग, बॅटरी आणि 'अल्ट', बंद करून पुन्हा चालू करा. व्होल्टेज क्षणभर उसळल्याने कंट्रोल युनिटने अल्टरनेटर तोडला असेल तर एवढ्याने परत येतो. दिवा विझला तर एव्हिऑनिक्स चालू करा. पुन्हा लागला तर मास्टरचा 'अल्ट' भाग बंद ठेवा आणि नाद सोडा. बाहेर आलेला ब्रेकर परत परत दाबत बसणं हा शुद्ध मूर्खपणा. जळका वास आला तर यातलं काहीच करायचं नाही: मास्टर सरळ बंद, व्हेंट आणि हीटर बंद, अग्निशामक हातात.

आता काटछाट. एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर ठेवा, बाकी स्ट्रोब, नॅव्ह लाइट, दुसरा रेडिओ, पिटो हीट (वेगमापक नळीचा हीटर) सगळं बंद. नुसता मास्टर चालू ठेवला तरी त्याचा कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा रिले) जवळपास एक अँपिअर पितो. बोलायचं ते लगेच आणि एकदाच: कॉलसाइन, ठिकाण, बिघाड, कुठे उतरणार, रेडिओ बंद पडू शकतो. मरायला टेकलेल्या बॅटरीवर ऐकू सगळं येतं, पण बोलायचं बटण दाबलं की रेडिओचा पडदाच विझतो. तसं एकदा झालं की ७६०० हा रेडिओ बिघाडाचा कोड लावा, ट्रान्सपाँडर जिवंत आहे तोवरच.

पुढे जायचं की मागे? अजिंठा लेण्यांवर असाल तर जळगाव २५ मैल, चिकलठाणा ४५. मागे वळा, जमीनही खाली उतरत जाते. सिल्लोड ओलांडलं असेल तर पुढे जेमतेम ३० मैल, पुढेच जा. "चिकलठाण्यात सोयी जास्त" म्हणून घाटावरून पुढे रेटणं चूक आहे.

चिकलठाण्याची उंची १,९११ फूट, जळगावची ८४० च्या आसपास. जळगावच्या सर्किटची (उतरण्याआधीच्या घिरटीची) उंची डोक्यात घेऊन तिथे पोचलात तर जमिनीला टेकायला आलात. क्यूएनएच (उंचीमापकावर लावायचा हवेचा दाब) आधीच लिहून ठेवा. रेडिओ नसताना टॉवर लाइट गनने रंगीत प्रकाशाचे इशारे देतो. तिची शलाका अरुंद असते, धुरकट हवेत मुश्किलीने दिसते, म्हणून डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने जाताना) टॉवरकडेच बघत राहा. स्थिर हिरवा: उतरा. स्थिर लाल: वाट द्या, घिरट्या घाला. लुकलुकता हिरवा: उतरण्यासाठी परत या. लुकलुकता लाल: धावपट्टी असुरक्षित, उतरू नका. दिवसा पंख हलवून उत्तर द्यायचं, बेस आणि फायनल या शेवटच्या दोन टप्प्यांत नाही. रात्री उत्तर लँडिंग लाइटने द्यायचं असतं, आणि तोच मेलेला असतो. संध्याकाळी उशिरा निघू नका, व्हीएफआर (नजरेने बघून केलेल्या) उड्डाणाची मुदत एरवीही सूर्यास्तानंतर २० मिनिटंच आहे.

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) विजेवर चालतात. बॅटरी धापा टाकत असताना तीस अंश खाली केले आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करावा लागला, तर ते वर येतीलच असं नाही. सरळ बिनफ्लॅपचं उतरा. शॉर्ट-फील्डचे (आखूड धावपट्टीवर उतरतानाचे) ६१ नॉट अधिक ९, म्हणजे ७०, आणि अंतर ३५ टक्के जास्त धरा. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर याची चिंता नाही. इंधनाचे काटे शून्यावर पडलेले दिसतील. निघताना काठी बुडवून मोजलं होतं ना? मग घड्याळ बघा. स्टॉलचा भोंगा हवेवर वाजतो, तो चालू असतो. टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं उपकरण) गेलेला असतो.

खाली उतरल्यावर दुसरी लूट. "अल्टरनेटर गेला, नवा टाकावा लागेल," असं न बघताच सांगून घसघशीत आकडा काढला जातो. आधी पट्टा बघायला सांगा. तो तुटला असेल तर बदलायला प्रोपेलर काढावा लागतो, त्याची मजुरी रास्त आहे. पट्टा ठीक असेल तर इंजिन बंद, मास्टर चालू, आणि अल्टरनेटरच्या फील्ड टर्मिनलवर मीटर. बॅटरीइतके व्होल्ट पोचत असतील तर संशय ब्रशवर. काहीच नसेल तर ब्रेकर, स्विच, कंट्रोल युनिट नाहीतर वायर. या विमानात कंपनाने फील्डच्या वायरचं टर्मिनल तुटलं होतं. नवं टर्मिनल, वायरला आधार म्हणून एक क्लँप, एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही, मग रन-अप १,८०० आरपीएमला. लँडिंग लाइट लावून बघा: सुई जागेवरून आपल्या जाडीपेक्षा जास्त हलता कामा नये.