हर्पिसचं निदान झाल्यावर पडलेले दोन प्रश्न

रिपोर्टवर ‘एचएसव्ही-२’ (लैंगिक संबंधातून पसरणारा टाइप-२ हर्पिस विषाणू) हे नाव वाचलं तेव्हा दुखण्यापेक्षा दोन प्रश्नांनीच मला जास्त छळलं. हे आलं कुठून? आणि मी ते नवऱ्याला दिलं का? लग्नाला बरीच वर्षं झालेली, त्यामुळे पहिला प्रश्न घरात उच्चारणंही जड होतं.

लक्षणं तशी फार नव्हती. आदल्या दिवशी एका मांडीत मुंग्या आणि ठणका, मग त्याच बाजूला पाण्याने भरलेले चार-दोन बारीक फोड. ते फुटल्यावर मात्र लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. लघवी करताना वरून कोमट पाणी सोडायचं, म्हणजे आग कमी होते, हे डॉक्टर मॅडमनी सांगितलं आणि त्याने खरंच फरक पडला. त्यांनी ओल्या फोडावरूनच स्वॅब घेतला. कापसाची काडी नुसती टेकली तरी कळ मस्तकात गेली. पण जखम सुकली की विषाणू सापडणं अवघड होतं, म्हणून फोड असतानाच गेलेलं बरं.

सोबत रक्ताची आयजीजी तपासणीही (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडी शोधणारी) केली होती आणि तीही टाइप-२ साठी पॉझिटिव्ह आली. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच होतं. या अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवड्यांपासून तीन-चार महिने लागतात. फोड पहिल्यांदा आले त्याच वेळी त्या रक्तात होत्या, म्हणजे लागण जुनी. विषाणू कण्याच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं दबून राहतो, आणि बहुतेकांना तो आपल्यात आहे याचा पत्ताच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांमध्ये टाइप-२ आहे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “लग्नानंतर कुणी...?” मी नाही म्हटलं. त्याला राग आला नव्हता, पण विश्वास बसायला वेळ लागला, आणि तो मी त्याला दिला. पुढच्या वेळी दोघं मिळून गेलो. मॅडमनी त्याला स्पष्ट सांगितलं, “हा संसर्ग नेमका कधी आणि कुणाकडून झाला, हे या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही.” हे वाक्य त्याने माझ्याऐवजी त्यांच्या तोंडून ऐकलं, हे फार बरं झालं. त्याची तपासणी निगेटिव्ह आली. इतकी वर्षं एकत्र राहूनही!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सरळ नाही. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो आणि कित्येकदा लागण अशा वेळीच होते. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरूनही तो जाऊ शकतो. रोज व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी गोळी घेतल्याने काय होतं, हे २००४ सालच्या एका मोठ्या अभ्यासात तपासलं होतं. एकाला टाइप-२ आणि दुसऱ्याला नाही, अशी स्त्री-पुरुष जोडपी त्यात होती. ८ महिन्यांत गोळी न घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी ३.६ टक्क्यांना लागण झाली, गोळी घेणाऱ्यांच्या १.९ टक्क्यांना. हे आकडे वाचून मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला. धोका आहे, पण ‘आज ना उद्या होणारच’ असा नाही.

आता मी रोज गोळी घेते, आम्ही कंडोम वापरतो, आणि मांडीत मुंग्या आल्या की त्वचा पूर्ण भरून येईपर्यंत संबंध बंद. टॉवेल, कमोड वगैरेची धास्ती मी सोडून दिली. हा पसरतो तो त्वचेला त्वचा लागून.

आम्हाला मूल हवं आहे, म्हणून तेही विचारून घेतलं. बाळाला सर्वात जास्त धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटी नव्याने लागण झाली तर. माझी लागण जुनी, त्यामुळे तो बराच कमी. तरी गरोदर राहिल्याबरोबर डॉक्टरांना हर्पिसबद्दल सांगायचं, ३६ व्या आठवड्यापासून गोळ्या घ्यायच्या, आणि कळा सुरू होताना फोड किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन करायचं, असं ठरलं आहे.