आत चार, बाहेर चार

सह्याद्रीत वीस वर्षं भटकलेल्या माणसाला गुहेचं काय कौतुक? गडावरच्या गुहेत पथारी टाकायची, सकाळी पोहे करायचे, निघायचं. पण आपली लेणी आणि टाकी माणसानं बेसॉल्टमध्ये छिन्नीनं खोदलेली. मेघालयात सोहरा, म्हणजे आपलं चेरापुंजी, तिथल्या चुनखडीत पाण्यानं पोखरलेल्या 'क्रेम', म्हणजे खासी भाषेत गुहा, हे प्रकरणच निराळं.

फेब्रुवारीत आम्ही तिघे मित्र गेलो. आधी मॉस्माई पाहिली. आत दिवे लावलेले, लोक चपला घालून सेल्फी काढतायत. अर्ध्या तासात बाहेर. मनात म्हटलं, एवढंच होय!

दुसऱ्या दिवशी मॉमलूह. ही सुमारे ७ किलोमीटर लांब, आणि आत दिवा नाही. वाटाड्या पन्नाशीचा. खासी लोक वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाह' म्हणतात, म्हणून आम्हीही बाहच म्हणू लागलो. त्यानं आधी सॅका उघडायला लावल्या. हेल्मेट ठीक, पण दिवे? माझ्याकडे एक हेडटॉर्च आणि मोबाइल. "माणशी तीन," तो म्हणाला, "मोबाइल त्यात मोजायचा नाही." गावात परत जाऊन टॉर्च आणल्या. मला तेव्हा हा अतिरेक वाटला. आम्ही तिघे आणि तो मिळून चौघं, हे मात्र त्याला पटलं: एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबेल, दोघं मदत आणतील.

तोंडाशी वाकून शिरलो, मग कमरेइतकं गार पाणी. पाऊण तासानं माझा हेडटॉर्च मिटला. बाहनं सगळ्यांना दिवे बंद करायला सांगितलं. डोळ्यांसमोर हात धरला, हात नाही. आधाराला चाचपडलो तेव्हा बोटांना काहीतरी गार लागलं, आणि दिवा लागताच बाह ओरडला. तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ होता, ठिबकत्या पाण्यातला चुना साचून जमिनीवरून वर वाढलेला. हाताचा तेलकटपणा बसला की त्यावर चुना नीट साचत नाही. याच गुहेतल्या अशा एका स्तंभावरून शास्त्रज्ञांनी ४,२०० वर्षांपूर्वीचा दुष्काळ वाचला, आणि २०१८ मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाला 'मेघालयन' नाव मिळालं. आणि मी त्याला कठड्यासारखा धरायला निघालो होतो.

पुढे पाणी छातीपर्यंत येणार होतं. एका मित्राला हुडहुडी भरली होती. बाह म्हणाला, "परत." मी कुरकुरलो. २०१८ मध्येच थायलंडच्या थाम लुआंग गुहेत पावसाच्या पाण्यानं बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते. पाणी उपसायला किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं गेली, हे आपण अभिमानानं सांगतो. एक पाणबुड्या त्यात गेला, ते मला आठवलं उशिरा, परतताना.

बाहेर चहाच्या टपरीवर बाहनं सकाळीच आमची नावं आणि 'चार वाजेपर्यंत' असं लिहून ठेवलं होतं. बाईनं चौघांना मोजलं, कागद चुलीत टाकला आणि कोरा लाल चहा पुढे केला.