सोलर बसवायचंय? आधी बिलावरचं नाव बघा

आमच्या छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसायला दोन दिवस लागले. त्यासाठीच्या अनुदानाचा अर्ज सरकारी पोर्टलवर नुसता दाखल व्हायला मात्र साडेचार महिने गेले. त्या साडेचार महिन्यांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितो आहे. पॅनल किती वॉटचं, इन्व्हर्टर कुठला, हे कुणीही विक्रेता तुम्हाला तासभर समजावून सांगेल. बिलावरच्या नावाबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आधी, हे सगळं कशासाठी. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून येतं, सत्तर किलोमीटर लांबून आणि चांगलंच वर चढवून. त्या पंपांचं वीजबिल अवाढव्य असतं. २०२३ च्या फेब्रुवारीत महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घ्यायचं कर्ज, काढले आणि त्यातून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचं ठरवलं. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे रोख्यांची बातमी मी बारकाईने वाचतो. ती वाचताना मनात आलं, गाव आपल्या नळाच्या पाण्यासाठी कर्ज काढतंय आणि आपलं छत नुसतंच तापतंय. खंडव्याच्या बाजूला सिंगाजीचं २५२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. देशात सौरऊर्जा कितीही वाढली तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली बहुतेक अजून कोळशाचीच. आमच्या घरातला पंखा त्यावरच फिरत होता.

२०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्य घर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३० हजार, आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅट असतील तर एकूण ७८ हजार अनुदान. हिशेब बसला. दिवाळी झाल्यावर विक्रेत्याचा मुलगा छत मोजून गेला, म्हणाला, “अंकलजी, अर्जी तो दस मिनट का काम है.” त्याने मोबाइलवर पोर्टल उघडलं, आमचा ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर नाव आलं, व्ही. जी. काले.

म्हणजे अण्णा, माझे वडील. ते २०११ मध्ये गेले.

लोकमान्य नगरातलं हे घर त्यांनी बांधलं. तेरा वर्षं दर महिन्याला त्यांच्या नावाने बिल येत होतं आणि मी ते बदललं नाही. आळस होताच, पण घरातला दिवा त्यांच्या नावाने लागतो याचं मला बरंही वाटायचं. माझ्यासारखे खूप जण असणार. पण अनुदानासाठी अर्जदार, बिलावरचं नाव आणि बँक खातं एकाच माणसाचं असावं लागतं. तेव्हा आधी नामांतरण, म्हणजे मीटर माझ्या नावावर करून घेणं.

वीज कार्यालयाच्या खिडकीवर यादी मिळाली: मृत्यूचा दाखला, घराची रजिस्ट्री, मालमत्ता कराची पावती, माझं आधार, आणि दादा व ताईचं ना-हरकतीचं शपथपत्र. दादा पुण्याला, ताई ग्वाल्हेरला. दोघांनी स्टॅम्प पेपरवर सह्या करून, नोटरी करून कुरिअरने पाठवलं. दहा दिवसांत सगळं हातात. मी खूश होतो.

खिडकीवरच्या माणसाने कागद पालथे-उलथे केले आणि परत सरकवले. “नाम मैच नहीं हो रहा.”

रजिस्ट्रीत अण्णा डब्ल्यू. जी. होते, कारण वामन ते डब्ल्यूनेच लिहायचे. दाखल्यात आणि बिलात व्ही. जी. आडनावाची तर आणखी कथा. काळेतला ळ हिंदीत नाही, त्यामुळे कराच्या पावतीवर आम्ही काले. इंग्रजीत अण्णांचं के-ए-एल-ई, आणि माझ्या आधारवर के-ए-एल-ई-वाय, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तसं लिहिलं आणि मॅट्रिकच्या दाखल्यापासून पेन्शनपर्यंत तेच चालत आलं. माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे नवं नाही. लेले, मुळे, गोखले, सगळ्यांच्या शेपटीला कुणीतरी कधीतरी वाय चिकटवून ठेवलेला असतो.

कागद का लागतो हे मला शिकवायची गरज नाही. मी स्वतः आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या आहेत. पण खातेदाराला परत पाठवायचं तर त्याला काय कमी आहे ते सगळं एकदाच सांगावं, एवढं आम्ही पाळत होतो. इथे दर खेपेला एक नवी गोष्ट निघत होती. पहिल्या वेळी व्ही आणि डब्ल्यू. त्याचं शपथपत्र करून नेलं तर काले आणि कालेय. तेही केलं तर कराची पावती चालू वर्षाची हवी. ती नेली तर दादाच्या शपथपत्रावर घर क्रमांक नाही. पुन्हा पुण्याला फोन, पुन्हा नोटरी, पुन्हा कुरिअर. मधे दोनदा सर्व्हर बंद, एकदा साहेब बैठकीला. डिसेंबर गेला, अर्धा जानेवारी गेला. इंदूरची हिवाळ्यातली ती स्वच्छ, कोरडी उन्हं रोज छतावर पडत होती आणि मी फाइल काखेत मारून रांगेत उभा.

म्हणून सांगतो, एकाच शपथपत्रात नावाची सगळी रूपं घाला. वडिलांच्या नावाची जितकी रूपं कुठल्याही कागदावर असतील तितकी, तुमच्या नावाचीही तितकीच, आणि वर घर क्रमांक, ग्राहक क्रमांक. आधी सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा आणि एकेक अक्षर मिळवून बघा. माझ्या बायकोने हे पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. ऐकलं असतं तर चार खेपा वाचल्या असत्या.

फेब्रुवारीत बिल आलं, त्यावर माझं नाव. संध्याकाळी विक्रेत्याच्या मुलाला बोलावलं, पोर्टल उघडलं, क्रमांक टाकला. व्ही. जी. काले.

पुढचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात चिडचिडीचे. खिडकीवर म्हणत, “हमारे यहाँ तो हो गया, बिल देख लीजिए.” योजनेच्या मदत क्रमांकावर सांगत, नाव आम्ही लिहीत नाही, वीज कंपनीकडून जसं येतं तसं दाखवतो. पुन्हा खिडकी. पुन्हा बिल दाखवायचं. मी नव्या बिलाची आणि पोर्टलच्या पडद्याची छापील प्रत शेजारी शेजारी लावून अर्ज दिला. त्याची पोच मागितली तर दुपारनंतर या म्हणाले. पोच घेतल्याशिवाय हललो नाही. तुम्हीही हलू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

अकराव्या खेपेला मार्चमध्ये खिडकीवर एक नवीन मुलगी होती, पंचविशीची असेल. तिने बिल बघितलंच नाही. संगणकावर एक पडदा उघडला, मग दुसरा, आणि पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. बिल छापणाऱ्या नोंदीत नाव बदललं होतं. ग्राहकाच्या मूळ नोंदीत अण्णाच होते, आणि पोर्टलला तीच नोंद जात होती. तिने दुरुस्तीची मागणी वर पाठवली. चार दिवसांनी पोर्टलवर माझं नाव आलं. जे काम तिने पाच मिनिटांत शोधलं ते त्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. बाकीच्यांनी पडदा उघडलाच नाही. मी तिला मनापासून धन्यवाद दिले आणि बाहेर पायरीवर पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

तेव्हा नामांतरण झाल्यावर बिलावर विसंबू नका. मूळ ग्राहक नोंद उघडून दाखवा असं म्हणा, आणि त्याच संध्याकाळी पोर्टलवर क्रमांक टाकून खात्री करा.

हे याच शहरात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कचरा वेगळा करायची सवय लावायला पालिकेची माणसं आमच्या गल्लीत दारोदार आली होती. आज ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरातला घातक आणि सॅनिटरी असा सहा प्रकारचा कचरा आम्ही न चुकता वेगळा देतो. ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाच्या प्रकल्पात गॅस होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रोजच्या ५५० टन क्षमतेने तो सुरू झाला आणि त्या गॅसवर सिटी बसही धावते. लोक ऐकणारे आहेत म्हणून हे झालं असं म्हणतात. लोक ऐकणारे आहेतच, पण आधी कुणीतरी दाराशी आलं होतं. तसंच प्रत्येक वॉर्डात दोन दिवसांचं शिबिर घ्या, नोटरी बसवा, संगणक बसवा, मेलेल्या माणसांच्या नावावरची मीटर जिवंत माणसांच्या नावावर करून द्या. किती छतं मोकळी होतील!

पुढचं सगळं भराभर झालं. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची वेगळी मंजुरी लागत नाही, त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला पॅनल चढली, तीन आठवड्यांत नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसला, मेमध्ये अनुदान खात्यात आलं. रद्द केलेला धनादेश लागतो. त्यावर तुमचं नाव छापलेलं असू द्या, आणि ते आधारसारखंच असू द्या. (हो, इथेही वाय.)

अनुदान हवं तर सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेलं लागतं, कोटेशनवर डीसीआर (म्हणजे देशी मालाची अट पाळलेली) असं लिहून घ्या. आमच्याकडे आलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये ते नव्हतं आणि म्हणूनच ते स्वस्त दिसत होतं. अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे खणून घ्या, तुमच्यासमोर. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीनला कुठे पडते ते डिसेंबरमध्ये बघा, कारण तेव्हा ती सगळ्यात लांब असते.

वीज गेली की हे सोलरही बंद होतं. ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या छतावरून झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. बॅटरी नसेल तर हे धरूनच चाला. शेजारच्या जोशींना हे माहीत नव्हतं, ते विक्रेत्याशी भांडून आले.

एप्रिल-मेमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिट मिळाली. सतत पाऊस असला की चारही मिळतात. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार राहतो. पॅनलवर धूळ साचते, ती सकाळी लवकर, काच तापायच्या आत पुसायची. ते काम बायकोने घेतलं आहे, आणि मोबाइलवरचा युनिटचा आकडाही माझ्याआधी तीच बघते.

मागच्या आठवड्यात समोरच्या गल्लीतल्या लिमयेवहिनी आल्या होत्या. त्यांचं बिल त्यांच्या आत्याबाईंच्या नावावर आहे, आणि आत्याबाईंचे वारस तीन गावांत. शपथपत्राचा माझा मसुदा मी त्यांना दिला. सोमवारी त्यांच्याबरोबर जाणार आहे. तीच मुलगी खिडकीवर असली तर बरं.