करू शकत नाही की करू देत नाहीत?

गुरुवार, रात्री साडेदहा

मृग लागून आठवडा झाला, नागपुरात अजून थेंब नाही. कूलरमध्ये आज दोनदा पाणी भरलं. टेबलावर विश्लेषण-आराखड्याची (चाचणीचे आकडे कसे तपासायचे, ते आधीच लिहून ठेवायचं) चौथी प्रत पडली आहे. तिच्यातल्या एकाच ओळीवर दिवसभर अडकले होते.

चाचणी साधी आहे. लकव्यानंतर घरी गेलेल्या रुग्णांना नर्सने नेमाने फोन करून गोळ्या आणि व्यायामाची चौकशी करायची. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. नव्वदाव्या दिवशी तिसरंच कुणी फोन करणार. रुग्ण कोणत्या गटातला हे त्या व्यक्तीला माहीत नसेल. ती रँकिन मोजपट्टीवर (लकव्यानंतर माणूस किती परावलंबी झाला, ते मोजणारी) एक आकडा देणार: ० म्हणजे काहीच त्रास नाही, ५ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला, ६ म्हणजे मृत्यू. डॉक्टरांचं म्हणणं, "०–२ चांगले, ३–६ वाईट, असे दोन ढीग करा मॅडम. सगळ्यांना समजतं." समजतं हे खरंच. २०१७ साली भारतातल्या १४ केंद्रांवरच्या अटेंड चाचणीचा निकाल आला, त्यातही मुख्य मोजमाप असंच होतं. १,२५० रुग्ण, घरच्यांनाच व्यायाम शिकवायचे, आणि सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी झालेले दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक नाही. आराखडा आधीच ठरलेला असल्यामुळे तो 'फरक नाही' ठामपणे सांगता आला. त्या निकालाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण आज दुपारी धंतोलीच्या ऑफिसात सरावाचे फोन ऐकत बसले होते. चाचणीत रुग्ण घेणं अजून सुरू व्हायचं आहे, हे फोन फक्त प्रश्न तपासायला. काटोलकडच्या एका आजींना फोन करणाऱ्या ताईंनी विचारलं, "घरातली कामं करता का?" आजी म्हणाल्या, "नाही जी. सून करू देत नाही ना."

ताईंनी पेन उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. २ लिहायचं की ३?

स्वतःचं सगळं स्वतः पाहता येत असेल, पण पूर्वीची सगळी कामं जमत नसतील, तर २. चालता येतं पण कुणाची तरी मदत लागतेच, तर ३. आजींना जमत नाही, की मायेपोटी कुणी हात लावू देत नाही? आपल्याकडे लकवा झालेल्या माणसाला उठू न देणं हीच सेवा समजतात. म्हणजे घर जितकं प्रेमळ, तितका आकडा वाईट दिसायची भीती. आणि दोन ढीग करायचे तर आपली सुरी नेमकी याच २ आणि ३ च्या मधून फिरणार!

म्हणून शेवटी मुख्य विश्लेषणात सातही पायऱ्या ठेवल्या. ११,०९३ रुग्णांच्या हेडपोस्टमध्येही (डोकं सपाट ठेवायचं की उंच, ती चाचणी) पूर्ण मोजपट्टीच वापरली होती. उपचार रुग्णाला पायरीपायरीने खाली, बऱ्याच्या बाजूला सरकवतो का, हा प्रश्न. यात ४ वरून (आधाराशिवाय चालता येत नाही) ३ वर आलेला माणूसही मोजला जातो. आधाराशिवाय चालू लागलेल्याला दोन ढिगांच्या हिशेबात काहीच किंमत नसते. प्रत्येक पायरीवर उपचाराचा जोर सारखाच आहे, असं ही पद्धत गृहीत धरते. ते टिकलं नाही तर काय करायचं, तेही आजच लिहून टाकलं. डॉक्टरांचे दोन ढीग दुय्यम म्हणून राहतील. वय, दाखल होतानाची तीव्रता, आधीची स्थिती आणि केंद्र यांचं समायोजन, म्हणजे यांतल्या फरकांचा हिशेब निकालात धरायचा. त्यावर वाद नव्हता.

५ आणि ६ काही चाचण्यांत एकत्र धरतात. मी धरले नाहीत. आमच्या आजीने शेवटचे अकरा महिने ५ वर काढले. आई रोज तिची वेणी घालायची. ते दिवस आणि ती गेल्यानंतरचे दिवस मला एका रकान्यात लिहिता येणार नाहीत.

खरी काळजी हरवणाऱ्यांची. आमच्याकडे बालाघाट, शिवनी, गडचिरोलीहून रुग्ण येतात. नव्वदाव्या दिवशी फोन लागत नाही तो कुणाचा? बरा होऊन पेरणीला गेलेल्याचा, आणि वारलेल्या माणसाचा, ज्याचं सिम घरच्यांनी बंद केलं. मोजपट्टीची दोन्ही टोकं निसटतात. सगळ्यांना वाईट धरणं चूक, दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशीचा आकडाच पुढे ओढणंही चूक. बाकीच्या माहितीवरून अनेकदा अंदाज भरायचे, आणि हरवलेल्यांना किती वाईट धरलं की निकाल उलटतो तेही दाखवायचं, असं लिहिलंय. शिवाय प्रत्येकाचे तीन फोन नंबर घ्यायचे, त्यात एक शेजाऱ्याचा. मला यातला शेजारीच जास्त भरवशाचा वाटतो.

विदा (गोळा झालेली सगळी माहिती) कुलूपबंद होण्याच्या कितीतरी आधी, पहिल्या रुग्णाच्याही आधी, या प्रतीवर सह्या हव्यात. आकडे दिसले की आपलं मन आपल्याला हवी ती पायरी शोधतं, माझंही शोधेल.

संध्याकाळी ताईंना प्रश्न बदलून दिला. त्यांनी आजींना पुन्हा फोन लावला. "आजी, सून चार दिवस माहेरी गेली, घरी तुम्ही एकट्या. आंघोळ, जेवण, गोळ्या, दुकानातून सामान, कसं कराल?"

"करीन ना जी," आजी म्हणाल्या. "हळूहळू करीन. पण तिला नका सांगू."

ताईंनी २ लिहिलं.