आमची वाटचाल : चोवीस चित्रांकडून सोळाकडे

दिवसाच्या वेळेनुसार बदलणारे वॉलपेपर ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवून देणं, हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही तासाला एक अशी चोवीस चित्रं देत होतो. हिशोब सोपा होता, पण चुकीचा. सकाळी अकरा ते दुपारी तीनपर्यंत प्रकाश जेमतेम बदलतो, त्यामुळे चार-पाच चित्रं जवळपास सारखीच दिसायची. सूर्यास्ताच्या आसपास मात्र तासाभरात आकाश पिवळं, केशरी, जांभळं आणि मग गडद निळं होतं. त्या सगळ्याच्या वाट्याला एकच चित्र यायचं. आज आमचा नेहमीचा संच सोळा चित्रांचा असतो. त्यात भर दिवसाची तीन, रात्रीची तीन आणि उरलेली दहा पहाट व संध्याकाळ यांना निम्मी-निम्मी.

2018 मध्ये अ‍ॅपलच्या मॅक संगणकांची मोहावी ही प्रणाली (मॅकओएस) आली आणि तिच्यासोबत एकाच एचईआयसी (अनेक चित्रं एकत्र मावणारा चित्रप्रकार) फाइलमध्ये सोळा चित्रं ठेवणारा वॉलपेपर आला. ती फाइल उघडून पाहिल्यावर आमची कामाची पद्धतच बदलली. चित्रांसोबत त्यात एक नोंद असते. कोणतं चित्र सूर्य क्षितिजापासून किती अंश वर किंवा खाली असताना दाखवायचं आणि तेव्हा तो कोणत्या दिशेला असेल, हे त्या नोंदीत लिहिलेलं असतं. दिशा लागतेच, कारण सूर्य 10 अंशांवर सकाळीही असतो आणि संध्याकाळीही. नुसत्या उंचीवर काम केलं तर संध्याकाळचं चित्र सकाळी येतं.

सूर्याला धरून चालण्याचं कारण आकड्यांत स्पष्ट दिसतं. मार्चमधल्या विषुवदिनी विषुववृत्तावर सूर्य क्षितिजाखाली 6 अंश जायला 24 मिनिटं लागतात. त्याच दिवशी 60 अंश अक्षांशावर साधारण 48 मिनिटं लागतात. घड्याळाला बांधलेला संच एका जागी बरोबर बसला, तर दुसरीकडे हमखास चुकतो. पण सूर्याला बांधलेल्या संचातही एक खोच आहे. 60 अंश अक्षांशावर जूनच्या अखेरीस सूर्य मध्यरात्रीसुद्धा जेमतेम साडेसहा अंश खाली जातो. रात्रीचं चित्र उणे 12 अंशांवर बांधलं असेल, तर तिथे तेवढी खोल रात्र कित्येक आठवडे होतच नाही. म्हणून अशा ग्राहकाला आम्ही घड्याळावर चालणारी दुसरी फाइलही देतो. तिच्यात वेळ दिवसाच्या अपूर्णांकात लिहायची असते : सकाळचे सहा म्हणजे 0.25, दुपारचे बारा म्हणजे 0.5. चित्रांची मोजणी शून्यापासून असते, हे विसरलं की सगळा संच एका घराने सरकतो. आमच्या सुरुवातीच्या फाइलींत सगळ्यात जास्त सापडलेली चूक हीच.

चित्रीकरणात घाई अजिबात चालत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंगातलं स्थिरीकरण बंद, फोकस हाताने लावून त्याच्या कड्यावर चिकटपट्टी. अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडं तोंड) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) एकदा ठरवले की हलवायचे नाहीत, प्रकाश कमी-जास्त झाला की फक्त शटरचा वेग बदलायचा. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर कधीच नको, कारण संध्याकाळचा केशरी रंग कॅमेरा ‘सुधारून’ टाकतो. दिवसा दर पंधरा मिनिटांनी एक फोटो पुरतो, संधिप्रकाशात मिनिटाला एक घ्यावा लागतो. पहाटे भिंगावर दव धरतं आणि तासभराचं काम धूसर होतं, त्यावर भिंगाभोवती गुंडाळायचा गरम पट्टा हाच खात्रीचा उपाय. ट्रायपॉड दोन-तीन पिक्सेल जरी सरकला तरी चित्र बदलताना इमारतींच्या कडा थरथरतात, म्हणून निवडलेली सगळी चित्रं आधी एकमेकांवर जुळवून घेतो.

सर्वांत अवघड प्रश्न सावल्यांचा. एक चित्र विरून दुसरं उमटताना खांबाला काही क्षण दोन सावल्या दिसतात, आणि नजर नेमकी तिथेच जाते. फोटोंच्या संचात आम्ही शक्यतो रेखीव, लांब सावली चौकटीत येणार नाही अशी जागा निवडतो. रेखाटलेल्या चित्रात हे हातात असतं. आकाश, मूळ रंग, ऊन, सावली आणि दिव्यांचा उजेड असे वेगळे लेअर ठेवले, की प्रत्येक वेळेसाठी फक्त ऊन आणि सावली नव्याने रंगवावी लागते. खिडक्यांतले दिवे सूर्य तीन-चार अंश खाली गेल्यावर एक-एक करून लावावेत. सगळे एकदम लागले तर चित्र खोटं वाटतं.

मग येतात रात्रीच्या आकाशातले पट्टे. 2880 ओळींच्या उंचीत गडद निळा जर फक्त वीसच छटांमधून उतरत असेल, तर एक-एक छटा 144 ओळींचा पट्टा होऊन डोळ्यांत खुपते. आम्ही शेवटपर्यंत 16 बिटमध्ये, म्हणजे खूप जास्त छटांमध्ये, काम करतो आणि कमी छटांच्या 8 बिटमध्ये उतरवताना अगदी बारीक ठिपक्यांचा दाणा मिसळतो, म्हणजे कडा मोडतात. पण जास्त दाबलेल्या जेपेगमध्ये तो दाणा पुसला जातो. विंडोज तर लावलेल्या वॉलपेपरची स्वतःची जेपेग प्रत बनवतं, तिची गुणवत्ता मूळ सेटिंगमध्ये 85 असते. रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंग साठवण्याची जागा) ‘जेपेगइम्पोर्टक्वालिटी’ या नावाने 100 लिहून वॉलपेपर पुन्हा लावला, की फरक लगेच दिसतो.

मूळ चित्र आम्ही 5120 बाय 2880 मध्ये करतो. 16:10 पडद्यासाठी दोन्ही बाजूंनी 256 पिक्सेल कापले जातात, तर 3440 बाय 1440 च्या रुंद पडद्यासाठी वरून-खालून 368 च्या आसपास. त्यामुळे चंद्र, कळस किंवा झाडाचा शेंडा त्या पट्ट्यात ठेवत नाही. विंडोजवर आयकॉन डावीकडून लागतात आणि मॅकवर उजवीकडून. ते भाग शांत आणि दुपारीही थोडे गडदच ठेवतो, नाहीतर फाइलींची पांढरी नावं वाचता येत नाहीत.

लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपसाठी एक्सएमएल (साध्या मजकुराची) फाइल लागते. तिच्यात चित्र किती सेकंद स्थिर राहील आणि पुढच्यात किती सेकंदांत मिसळेल ते क्रमाने लिहायचं. एकूण बेरीज 86,400 यायलाच हवी. 300 सेकंद कमी पडले तर संच रोज पाच मिनिटं आधी सुरू होतो आणि बारा दिवसांत तासभर पुढे गेलेला असतो. पहिल्या दिवशी हे कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून फाइल पाठवण्याआधी ही बेरीज दोघांनी वेगवेगळी करायची, असा आमच्याकडे नियम आहे.

‘वॉलपेपर बदलतच नाही’ ही तक्रार आली की आम्ही आधी फाइल कशी पोहोचली ते विचारतो. एचईआयसी एखाद्या मेसेजिंग अ‍ॅपमधून गेली किंवा फोटो एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह झाली, तर बहुतेकदा आत एकच चित्र उरतं आणि वेळेची नोंद निघून जाते. आता आम्ही झिप करूनच पाठवतो. दुसरी शक्यता लोकेशन बंद असण्याची. तेव्हा मॅक टाइम झोनवरून अंदाज बांधतं आणि रुंद टाइम झोनच्या टोकाला बसलेल्या माणसाला बाहेर अंधार पडलेला असताना पडद्यावर ऊन दिसतं.

शेवटची तपासणी ज्या त्या वेळच्या उजेडातच करतो. दुपारची चित्रं खिडकीशेजारी बसून पाहतो. रात्रीची चित्रं दिवे मालवून, पडद्याचा उजेड अगदी कमी करून. अशा अंधारात चांदणं पाव स्टॉप (उजेड मोजायचं छायाचित्रणातलं माप) जरी जास्त असलं तरी डोळ्यांना टोचतं, आणि ते चित्र पुन्हा टेबलावर येतं.