सोडियम 109

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. ग्वाल्हेरला एकदा लू वाहायला लागली की दुपारी शहरातल्या लश्कर भागाचे रस्ते ओस पडतात आणि आमच्या लॅबमध्ये डिहायड्रेशनचे नमुने येऊ लागतात. त्या दिवशी दोनच्या सुमारास वॉर्डातून रक्त आलं. बाई, वय 74, दोन दिवसांपासून बडबड. मशीनवर आकडा उमटला: सोडियम 109.

बावीस वर्षं हे काम करतेय, पण इतकं खाली गेलेलं सोडियम फार थोड्या वेळा पाहिलंय. निरोगी माणसाचं 135 ते 145 च्या मध्ये असतं. पहिला संशय आला तो डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरपाण्याची, बाटली चालू असलेल्या हातातूनच रक्त काढल्याचा. तसं झालं की सोडियम खाली येतं, पण साखर मात्र भलतीच वर जाते. इथे साखर होती 106. कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावून मशीन तपासलं आणि पुन्हा चालवलं, पुन्हा 109. वॉर्डात फोन केला आणि दुसरा नमुना घ्यायला मीच वर गेले.

आजी डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या. नातीला ‘अक्का’ म्हणत होत्या आणि सारखं एकच, "नळ बंद कर गं, पाणी वाहतंय." सूनबाई रडवेल्या झाल्या होत्या. "ताई, आम्ही इतकं जपलं हो यांना. लू लागू नये म्हणून तासातासाला पाणी पाजलं. प्रेशरसाठी मीठही बंद केलं." तीन आठवड्यांपूर्वी प्रेशरची नवी गोळी सुरू झाली होती, लघवी वाढवणारी. आजींचं जेवणही चहा आणि अर्ध्या पोळीवर आलं होतं.

त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. उन्हाळ्यात पाणी पाजा, हे आपण सगळेच सांगतो. पण शरीराचा स्वतःचा एक हिशोब असतो. रक्तातली क्षारांची तीव्रता एक-दोन टक्क्यांनी बदलली तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळतं. रक्त दाट झालं की तहान लागते आणि एडीएच नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतं. पातळ झालं की तहान मिटते, एडीएच थांबतं आणि जास्तीचं पाणी लघवीवाटे निघून जातं. आजींच्या तहानेला कुणी विचारलंच नव्हतं. त्यात ती गोळी मीठ बाहेर काढत होती आणि नुसतं पाणी टाकून देण्याची मूत्रपिंडांची ताकदही कमी करत होती.

मग मीठ देऊन आकडा पटकन वर का नेत नाहीत, असं सूनबाईंनी विचारलं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदू कवटीत बंद, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत आपल्यातले क्षार बाहेर टाकून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात. आता बाहेरचं सोडियम झपाट्यानं वाढवलं तर पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. मग काही दिवसांनी माणसाची वाचा जाते, गिळता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, चोवीस तासांत आठपेक्षा जास्त वाढ नको.

तीन टक्के मिठाचं सलाईन थोडं थोडं दिलं. सहा वाजता 112. दहाला 113. रात्रपाळीच्या मुलाच्या घरी लग्न होतं, म्हणून मीच थांबले होते. दोन वाजताचा नमुना लावला आणि छातीत धस्स झालं: 118. बारा तासांत नऊ.

धावत वर गेले. लघवीची पिशवी भरत आली होती आणि आत पाण्यासारखी स्वच्छ लघवी. गोळी बंद झाली होती, एडीएच थांबलं होतं आणि मोकळी झालेली मूत्रपिंडं साठलेलं पाणी भराभर बाहेर टाकत होती. शरीरच आता घाई करत होतं! डॉक्टरांनी एडीएचसारखं काम करणारं इंजेक्शन दिलं आणि डेक्स्ट्रोज लावलं. ज्या पाण्यानं आजी आजारी पडल्या, तेच पाणी मोजून परत द्यायचं.

1926 साली वॉल्टर कॅनन यांनी या सांभाळाला ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिलं. डिप्लोमाला मी ते पाठ केलं होतं, आणि स्थिर म्हणजे न हलणारं असंच मला वाटायचं. त्या पिशवीकडे बघताना किती धावपळ आत चालते ते दिसलं. चारला 117, सहालाही 117. तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकले.

पुढे आकडा रोज थोडा थोडा चढत गेला. सहाव्या दिवशी सकाळी रक्त काढायला गेले तेव्हा आजी उशीला टेकून वरण-भात खात होत्या, मीठ घातलेला. चमचा ठेवून त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं.

"लश्करची का गं तू? कुणाकडची?"

माझं सासर जीवाजीगंजात, असं म्हटलं तर लगेच सासूबाईंचं माहेरचं नाव विचारलं. त्या दिवशी सोडियम आलं 134.